कॅमेरा घेताय? पैसे आधी लेन्ससाठी काढून ठेवा

मी चिपळूणला राहते, पक्ष्यांचे फोटो काढते. कुणी ‘कॅमेरा कुठला घेऊ’ असं विचारायला आलं की मी आधी विचारते, फोटो कशाचे काढणार? मेगापिक्सेलची चिंता सोडा. २४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० ठिपके. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून छापलं तरी २० बाय १३ इंचांचा प्रिंट निघतो. माझ्या घरात याहून मोठा फोटो एकच लावलेला आहे.

उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी टिपायचे असतील तर क्रॉप सेन्सर घ्या, म्हणजे ज्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) लहान असतो तो कॅमेरा. निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) ३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या ४५० मिमीइतकी चौकट देते. लग्नकार्यं, मंदिरातला अंधार, माणसांचे चेहरे हे तुमचं काम असेल तर फुल फ्रेमला जास्तीचे पैसे मोजा. मात्र दोन्हीकडे निम्म्याहून जास्त रक्कम लेन्सला जाऊ द्या. बॉडी पाच-सहा वर्षांनी बदलावीशी वाटतेच, चांगली लेन्स मात्र पंधरा वर्षं साथ देते. घरात वडिलांच्या जुन्या लेन्स असतील तर माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची खाच, नीट तपासा. निकॉनच्या मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) एफटीझेड हा जोड, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, लावून जुनी एएफ-डी प्रकारची लेन्स बसते, पण तिचा ऑटोफोकस चालत नाही.

जुना माल घ्यायला मी बिनदिक्कत सांगते, फक्त डोळ्यांखालून घाला. माझी पहिली मोठी लेन्स मी संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात बघून घेतली होती. घरी आल्यावर आतल्या काचेवर मुळांसारखे बारीक पांढरे धागे दिसले. बुरशी! साफ करायला दिली, पण काचेवरचा थर खाल्ला गेला होता. समोरून ऊन आलं की आजही तिच्यातून फोटो धुरकट येतो.

म्हणून दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे चार कण असले तर चालतील. धागे, जाळी किंवा दुधी झाक दिसली तर किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नका. सेन्सरवरचे डाग बघायला एफ/१६ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक करून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, फोकस मुद्दाम हलवून. डाग लगेच उठून दिसतात. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले, ते विचाराच. निकॉन डी७२०० चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे. चाळीस हजार क्लिक झालेली बॉडी मी आनंदाने घेईन, सव्वा लाख झालेली नाही.

आणि हो, हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक त्याच दिवशी घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवायची नसते. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

दुकानात जाताना आपलं मेमरी कार्ड न्या. तुमची सगळ्यात जड लेन्स लावून दोन मिनिटं कॅमेरा डोळ्याला धरा, मनगट काय म्हणतं ते कळेल. बाहेर रस्त्यावर येऊन रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) वीस-पंचवीस फोटो काढा. रात्री घरी मोठ्या स्क्रीनवर ते बघा, बयाणा दुसऱ्या दिवशी द्या.