उतार शिकायचा तर निबालीकडून, आणि वाळकेश्वरला

मुंबईतले सायकलवाले भेटले की बोलणं चढाचंच, येऊर किती मिनिटांत चढला, खोपोलीहून खंडाळ्याला कितीदा पाय टेकवला वगैरे. उतार काय, आपोआप होतो! मलाही तसंच वाटायचं, मग एका जूनमध्ये वाळकेश्वरला झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर पुढचं चाक सटकलं आणि कोपर सोलून निघालं. घरी बसून होतो तेव्हा इटलीचा सायकलपटू विन्चेन्झो निबालीच्या जुन्या रेसेस बघत बसलो आणि तिथे कळलं की उतरणं हे वेगळं शिकायला लागतं.

निबाली सिसिलीतल्या मेस्सिनाचा, म्हणून त्याला मेस्सिनाचा शार्क म्हणायचे. २००५ ला प्रो झाला, २०२२ ला थांबला. मधे स्पेनची २०१० ची व्हुएल्टा, इटलीचा २०१३ आणि २०१६ चा जिरो, २०१४ चा टूर द फ्रान्स. तिन्ही मोठ्या रेस जिंकणारे फार थोडे, त्यातला हा एक. पण मला त्याची लोम्बार्दिया, म्हणजे इटलीतली एका दिवसाची रेस, जास्त आवडते. २०१५ आणि २०१७, दोन्ही वेळा चिव्हिल्यो नावाच्या चढानंतरच्या उतारावर त्याने बाकीच्यांना मागे टाकलं आणि शेवटच्या रेषेला, कोमो शहरात, एकटा पोचला. चढावर सगळे दमलेले असतात, उतारावर सगळे सावध होतात, हा नेमका तिथे सुटायचा.

आता आपण काय करायचं. हात खाली ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वळलेल्या भागात, दोन बोटं ब्रेकवर, कोपरं सैल, बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि वजन त्याच पेडलवर. नजर चाकासमोर नाही, वळण जिथे संपतं तिथे. हे ऐकायला सोपं आहे पण डोकं ऐकत नाही, खड्डा दिसला की नजर तिकडेच जाते आणि नजर जाते तिकडे सायकल जाते. ब्रेक वळणाच्या आधी मारून घ्यायचा, वळणात शिरल्यावर सोडायचा, कारण टायरची पकड ठरलेली असते, ती वळायला वापरा नाहीतर थांबायला, दोन्ही एकदम मागितलं की सटकलातच.

पावसात तर अजून. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारा) असेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच हलका दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं. पांढरे पट्टे, गटाराची झाकणं, फ्लायओव्हरचे लोखंडी जॉइंट, हे सरळ ओलांडायचे, सायकल कलती असताना कधीच नाही. पहिल्या पावसाचे दोन-चार दिवस तर रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा उतारावर जाऊच नका, चहा प्या.

आणि पेव्हर ब्लॉक! निबालीने २०१४ चा टूर डोंगरात जिंकला असं लोक म्हणतात, पण माझ्या मते पाया पाचव्या स्टेजला, म्हणजे पाचव्या दिवसाच्या टप्प्यात, घातला गेला, भर पावसात, उत्तर फ्रान्समधल्या आरेनबेर्गकडे जाणाऱ्या दगडी रस्त्यांवर. आदल्या वर्षीचा विजेता फ्रूम तर त्या दिवशी दगड लागायच्या आधीच पडून रेसबाहेर गेला, आणि निबाली तिसरा आला, दुसरा मोठा प्रतिस्पर्धी कोन्तादोर, त्याला अडीच मिनिटांच्या वर मागे टाकून. अशा रस्त्यावर एक गिअर जड ठेवायचा, हँडल घट्ट आवळायचं नाही, सायकलला हातात नाचू द्यायचं, पाय थांबवायचे नाहीत. आपल्या गल्लीतल्या उचकटलेल्या ब्लॉकवरही हेच चालतं, फरक एवढाच की तिकडे समोरून रिक्षा येत नाही.

तो देव नव्हता हेही सांगतो. २०१५ च्या व्हुएल्टात टीमच्या गाडीला धरून पुढे गेला म्हणून हाकलला गेला, आपल्याकडची पोरं टेम्पोला लटकतात अगदी तसं. आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये पुढच्या तिघांत होता, मेडल समोर दिसत होतं, शेवटचे दहा-बारा किलोमीटर राहिले होते आणि उतारावरच पडला, कॉलरबोन मोडलं. जगातला सगळ्यात भारी उतरणारा माणूस जिथे पडू शकतो तिथे आपण हेल्मेटचा पट्टा सैल ठेवून जातो, कमाल आहे.

सरावाला सुरुवात नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या रस्त्याने करा, उतार हलका आहे, फक्त माकडं आणि मॉर्निंग वॉकवाले सांभाळा. दोन-तीन रविवार तिथे झाले की मग पहाटे सहाला वाळकेश्वर, तीन बत्तीहून चौपाटीकडे. एकच वळण पाच वेळा घ्या, प्रत्येक वेळी ब्रेक थोडा आधी सोडून बघा. बसचा आवाज आला तर बाजूला थांबा, तिला जाऊ द्या, मग पुन्हा वर चढून या.