वेबसाइटच्या फाइल्सना नावं कशी द्यावीत

लॅपटॉपवर सगळे फोटो नीट दिसत होते. साइट सर्व्हरवर चढवली आणि लोगोच गायब. माझ्या पहिल्या साइटच्या वेळी मी रात्रभर कोड तपासला. चूक नावात होती. फाइलच्या नावात ‘एल’ कॅपिटल होता, एचटीएमएलमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही एकच वाटतात, मॅकलाही मूळ सेटिंगमध्ये तसंच. पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइल्स असतात.

म्हणून पहिलं काम हेच: सगळी नावं स्मॉल अक्षरांत लिहा, एक्स्टेन्शनसकट, म्हणजे नावातल्या टिंबानंतरच्या भागासकट. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंचं ‘जेपीजी’ बरेचदा कॅपिटल असतं, तेही बदला. प्रोजेक्ट गिटवर, म्हणजे फाइल्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर असेल तर विंडोजवर नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलेलं गिटला सहसा कळतच नाही. आधी वेगळंच काहीतरी नाव देऊन कमिट करा (म्हणजे तो बदल गिटमध्ये नोंदवा), मग हवं ते नाव देऊन पुन्हा कमिट करा.

मग स्पेस काढा. वेब पत्त्यात प्रत्येक स्पेसच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि २० येतं. शब्द हायफनने जोडा. अंडरस्कोर लिंकखालच्या रेघेत हरवतो, आणि पत्त्यात हायफन वापरा असं गूगलही सांगतं.

आता आपल्या लिपीचा प्रश्न. पानावर मराठी हवीच, शीर्षकातही हवी. फाइलचं नाव मात्र रोमनमध्ये ठेवा. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-उकारसुद्धा, आणि पत्ता कॉपी केला की एका बाइटची ३ अक्षरं होतात. ‘मुखपृष्ठ’ या एवढ्याशा शब्दात ८ चिन्हं आहेत, म्हणजे ७२ अक्षरांची माळ. व्हॉट्सॲपवर असा पत्ता आला की लोक लिंक उघडायलाच कचरतात.

फोल्डर थोडेच ठेवा: सीएसएस (पानाची सजावट), जेएस (जावास्क्रिप्ट कोड), इमेजेस. एकवचन की अनेकवचन ते एकदाच ठरवा. तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. क्रमांक ०१, ०२ असे, नाहीतर बऱ्याच याद्यांत १० हा २ च्या आधी येऊन बसतो. ‘फायनल’, ‘फायनल-न्यू’ ही नावं नकोत, जुन्या आवृत्त्या गिट सांभाळतं.

साइट आधीच लोकांसमोर असेल तर पानाचं नाव बदलताना जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सूचना, त्याच दिवशी लावा.