रामश्टाइनहून शरदातली सहल: चेस्टनट आणि ताजी वाइन

जर्मनीतल्या रामश्टाइन किंवा कायझर्सलाउटर्नच्या अमेरिकी लष्करी तळावरच्या कुटुंबांनी ऑक्टोबरचा एक दिवस जर्मन वाइन मार्गासाठी, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या गावांतून जाणाऱ्या रस्त्यासाठी, राखावाच. खाण्याचं सामान आदल्या दिवशीच भरा. रविवारी आणि 3 ऑक्टोबरच्या सुट्टीला बहुतेक दुकानं बंद असतात. 12 वर्षांखालच्या आणि 150 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना कारमध्ये चाइल्ड सीट लागतेच.

गावात गाडी लावल्यावर निळ्या पार्किंग डिस्कवर (पोहोचल्याची वेळ दाखवायला काचेमागे ठेवायची चकती) पुढचा अर्धा तास दाखवा: 10:10 ला पोहोचलात तर 10:30. बरेच जण नेमकी वेळ लावतात, ते चूक.

जंगलात चेस्टनट वेचताना मुलं रमून जातात, पण ओळख पक्की हवी. खाण्याच्या चेस्टनटच्या कवचावर दाट, बारीक काटे असतात, आणि फळाला टोक व त्यावर छोटा झुपका असतो. विरळ, जाड काटे आणि बिनटोकाचं गोल फळ म्हणजे हॉर्स चेस्टनट. ते विषारी, अजिबात खाऊ नका. भाजण्याआधी प्रत्येकाला चीर द्या, नाहीतर आतल्या वाफेने ते ओव्हनमध्ये फुटतात. 200 अंश सेल्सिअसवर 20-25 मिनिटं पुरतात.

फेडरवायसर म्हणजे अजून आंबत असलेली वाइन. वायू निघून जावा म्हणून तिचं झाकण सैल असतं, त्यामुळे बाटली आडवी ठेवली की गाडीभर सांडते. उभीच ठेवा, आणि चालवणाऱ्याने घरी पोहोचल्यावरच चाखावी.