कुत्र्यासाठी फ्रीजरमधला खाऊ: उन्हाळ्याआधीची तयारी

सुरुवात फ्रीजरपासून करा, कारण ठाण्यातल्या वन-बीएचकेत खरी टंचाई तिथेच असते. सोललेले मटार, खवलेला नारळ, सुरमईच्या तुकड्या आणि आमरसाचे डबे या गर्दीत कुत्र्यासाठी कोपरा मिळवायचा तर घरात आधी बोलणी करावी लागतात. झाकणाचा एक चपटा डबा पुरतो. त्यावर टेप चिकटवून तारीख लिहा आणि डबा कोणाचा आहे तेही ठळक लिहा, नाहीतर पाहुण्यांच्या ताकात बिनमिठाची वडी पडते. सोबत दोन-तीन उथळ ताटल्या बाजूला काढा. आइस्क्रीमच्या काड्या आणि कागदी कप नकोत, कुत्रा तेही गिळतो.

खोल साच्यातले टणक बर्फाचे खडे बहुतेक जण कौतुकाने देतात, मला मात्र ते पटत नाहीत. कुत्रा ते कडाकडा फोडतो आणि त्यात मागची मोठी दाढ तडकू शकते. दाढ काढायची म्हणजे पूर्ण भूल आली. साधी कसोटी अशी: नखाने दाबून खूण उमटत नसेल, तर ती वस्तू दातांसाठी फार टणक. म्हणून ताटलीत बोटाच्या पेराएवढाही जाड नाही असा पातळ थर गोठवा किंवा गोठलेलं मिक्सरमध्ये फिरवून गोळ्याच्या बर्फासारखा भुगा करा. लॅब्राडोरसारख्या हावरटाला तर तुकडा देऊच नका. तो न चावता गिळेल आणि घशात अडकेल, त्याला चाटायलाच द्या. ताटली फ्रीजरमधून काढल्यावर पाच मिनिटं बाहेर ठेवा, थंडगार स्टीलला ओली जीभ चिकटते. पाणी घरच्या फिल्टरचं वापरा. मासळी ठेवायच्या बर्फात निळा रंग असतो तो खाण्याचा नाही म्हणूनच, आणि तो कुत्र्यासाठीही नाही.

आता आत काय घालायचं. घरच्या दह्याचं पातळ ताक, मीठ-जिरं-हिंग काहीही न घालता, त्यात किसलेली काकडी. हा माझ्या मते सगळ्यात बिनधोक प्रकार. दुधापेक्षा दही बरं, कारण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. कलिंगडाच्या बिया आणि साल काढून गर कुस्करा. लाल भोपळा उकडून, घोटून गोठवला तर पोटालाही मानवतो. चिकनचं पाणी करणार असाल तर कांदा, लसूण, मीठ आणि सूपच्या तयार वड्या वर्ज्य. हाडं गाळून फेका आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वर जमलेली चरबी चमच्याने काढून टाका. आंब्याचा गर चमचाभर चालतो. कोय मात्र त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका, कचऱ्याच्या डब्यातही उघडी टाकू नका. ती आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय बाहेर येत नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ द्या आणि दुसऱ्या दिवशी शी बघा. दिवसभराच्या खाण्यात असा खाऊ दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काय द्यायचं नाही हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आजीला, आधीच सांगून ठेवायचं. नाशिकची द्राक्षं नेमकी याच दिवसांत येतात आणि मुलं ती गोठवून खातात. कुत्र्याच्या मात्र किडन्या द्राक्षं आणि मनुकांनी निकामी होऊ शकतात, किती खाल्ली तर चालतील असं काही माप नाही. पाडव्याच्या श्रीखंडातली साखर आणि जायफळ दोन्ही नको. चॉकलेटचं आइस्क्रीम विषारी. शुगर-फ्री पदार्थ आणि पीनट बटर घेताना लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचा ९६७ हा क्रमांक शोधा. सापडला तर बाटली परत मांडणीवर ठेवा. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने कोसळते आणि यकृतही बिघडतं. ‘एवढ्याशानं काय होतंय रे’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे.

वेळेचंही ठरवून ठेवा. फिरवणं ऊन तापायच्या आत आणि पेव्हर ब्लॉक निवल्यावर, हाताची पालथी बाजू जमिनीवर टेकवून बघायची. घरी आल्यावर धापा टाकणाऱ्या कुत्र्यासमोर लगेच ताटली ठेवू नका. आधी साधं पाणी, श्वास शांत झाला की खाऊ. दुपारी बारा ते चारमध्ये दिला तर त्याचा वेळही जातो आणि पोटात पाणीही जातं. पण याने ऊन बाधायचं थांबत नाही. कुत्रा धापा टाकून, म्हणजे जिभेवरचा ओलावा उडवून अंग थंड करतो. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत तो ओलावा नीट उडतच नाही, म्हणून पारा पस्तिशीत असला तरी पग आणि शीत्झू ही चपट्या नाकाची कुत्री हैराण होतात. त्यांना पंखा किंवा एसी आधी, खाऊ नंतर.

म्हणून तयारीत एक वेगळा डिजिटल थर्मामीटर हवाच. गुदद्वारातून मोजलेलं कुत्र्याचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, तोल जायला लागला, तर बर्फाची ताटली विसरा. अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा, १०३.५ पर्यंत उतरलं की ओतणं थांबवा आणि निघा. आधी थंड करा, मगच गाडीत घाला, कारण संध्याकाळी घोडबंदर रोडवर अडकलात तर दवाखाना दोन सिग्नलवर असूनही लांबच. डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रीजच्या दारावर हवा.

सोसायटीच्या गेटवरच्या कुत्र्यांसाठी खाऊ नको, त्यावरून भांडणं लागतात. सावलीत सिमेंटचं जड भांडं ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात आणि तक्रार आपल्यावर येते. दुपारी वीज बराच वेळ गेली आणि डबा पूर्ण वितळला तर ताक किंवा चिकनचं पाणी पुन्हा गोठवू नका. गार असेपर्यंत त्यातलं थोडं वाडग्यात घाला, बाकीचं ओतून द्या आणि फरशी लगेच पुसा, आंब्याच्या दिवसांत मुंग्या दहा मिनिटांत येतात.