भावाचं क्रेडिट खराब आहे, मग आई-बाबांचं ग्रीन कार्ड अडेल का?

अमेरिकेत सिटिझन झालेला मुलगा किंवा मुलगी आई-बाबांसाठी आय-१३० म्हणजे नात्याचा अर्ज भरते, तो मंजूर होतो आणि मग घरात कुजबुज सुरू होते की अरे पण अर्ज भरणाऱ्या दादानेच मागे कार्डाचे हप्ते थकवले होते, त्याचा स्कोअर पार खाली गेलाय, आता व्हिसा देतील का. या एका भीतीपायी लोक फाईल पुढे ढकलत राहतात आणि इकडे आई-बाबांचं वय वाढत जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी उत्तर सांगते. स्पॉन्सर म्हणून जो आय-८६४, म्हणजे आर्थिक जबाबदारीचा फॉर्म, भरायचा असतो त्यात क्रेडिट स्कोअरचा रकानाच नाही, क्रेडिट रिपोर्टही जोडायचा नसतो. पूर्वी बँकरप्सी (दिवाळखोरी) घेतली असेल तरी तेवढ्यावरून कुणी स्पॉन्सर म्हणून बाद होत नाही. ही भीती पसरली ती आय-९४४ मुळे. फेब्रुवारी २०२० पासून जे लोक अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डचा अर्ज करायचे त्यांना हा फॉर्म भरावा लागायचा आणि त्यात क्रेडिट रिपोर्ट खरंच मागायचे, पण तोही अर्जदाराचा स्वतःचा, स्पॉन्सरचा नाही. मार्च २०२१ मध्ये तो फॉर्म बंद झाला. नातेवाईकांच्या ग्रुपवर त्या काळातले मेसेज अजून फिरतात, ते वाचून घाबरू नका, फक्त भरायच्या दिवशी यूएससीआयएस म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या साईटवरून फॉर्मची चालू एडिशनच घ्या.

मग बघतात काय, तर उत्पन्न. कुटुंबाच्या आकाराप्रमाणे सरकारी पॉव्हर्टी गाईडलाईनच्या, म्हणजे गरिबीच्या मर्यादेच्या, १२५ टक्के. समजा दादा, वहिनी, त्यांचं एक मूल आणि येणारे आई-बाबा असे पाच जण धरले तर २०२५ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला ४७,०६२ डॉलर लागतात. तक्ता दरवर्षी बदलतो, आय-८६४पी नावाने मिळतो, तो ताजा बघा. आई आणि बाबांचा आय-१३० वेगवेगळा आणि आय-८६४ पण वेगवेगळा, पण हिशोब करताना दोघांनाही धरूनच करा, म्हणजे मागाहून धावपळ नको.

पुरावा म्हणून सगळ्यात अलीकडचा टॅक्स रिटर्न किंवा आयआरएसचं (तिकडचं टॅक्स खातं) ट्रान्सक्रिप्ट लागतंच, सोबत डब्ल्यू-२ म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, पे स्टब आणि कंपनीचं पत्र जोडा. क्रेडिटपेक्षा केस अडकते ती इथे. रिटर्न भरणं कायद्याने लागू असूनही भरलेला नसेल तर आधी तो भरा, त्याला पळवाट नाही. आणि ज्यांचा स्वतःचा बिझनेस आहे त्यांनी नीट लक्ष द्या, टॅक्स वाचवायला भरपूर खर्च दाखवलेला असतो आणि मग कागदावर उरतं वीस हजार, प्रत्यक्षात घर मस्त चाललेलं असलं तरी ऑफिसर रिटर्नवरचाच आकडा बघणार. स्पॉन्सर करायचं ठरत असेल तर हा विचार निदान एक टॅक्स वर्ष आधी करा.

दादाचं उत्पन्न कमी पडतंय आणि वहिनी कमावते, तर तिने आय-८६४ए वर सही करायची, दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात, तिच्या नावावर कार्डाचं कर्ज आहे का हे तो फॉर्म विचारत नाही. तेही पुरत नसेल तर जॉइंट स्पॉन्सर. हा नातेवाईकच पाहिजे असं नाही, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला, अठरा वर्षांपुढचा, अमेरिकेत राहणारा कुणीही चालतो, पण त्याचं उत्पन्न त्याच्या घरची माणसं अधिक आई-बाबा एवढ्यांना एकट्याने पुरलं पाहिजे, दादाचं थोडं आणि मामाचं थोडं अशी बेरीज चालत नाही. मामा मात्र विचारतील की माझ्या क्रेडिटवर येईल का. तर हे कर्ज नाही, त्यामुळे रिपोर्टवर त्याची नोंद होत नाही, पण कायद्याने बांधणारा करार आहे. आई-बाबा सिटिझन होईपर्यंत, किंवा कामाचे ४० क्वार्टर (साधारण दहा वर्षांचं काम) भरेपर्यंत, किंवा देश कायमचा सोडेपर्यंत, नाहीतर हयात असेपर्यंत जबाबदारी राहते. हे सगळं मामांना सही घेण्याआधी स्पष्ट सांगा, नंतर कळलं तर नाती तुटतात.

कर्ज खऱ्या अर्थाने हिशोबात येतं ते मालमत्ता दाखवताना. उत्पन्न कमी पडलं तर तुटीच्या पाचपट मालमत्ता दाखवता येते, आई-बाबांच्या केसमध्ये पाचपटच, आणि ती आई-बाबांची स्वतःची असली तरी चालते. समजा वर्षाला ७,००० डॉलर कमी पडतायत तर ३५,००० ची मालमत्ता हवी. आता ठाण्याचा फ्लॅट साठ लाखांचा आहे पण त्यावर चाळीस लाखांचं होम लोन बाकी आहे, तर धरायचे वीसच लाख, आणि वर्षभरात विकून पैसे करता येतील असं दाखवावं लागतं. व्हॅल्युएशन रिपोर्ट आणि बँकेचं थकबाकीचं पत्र दोन्ही एकाच महिन्यातलं घ्या, आकडे जुळले पाहिजेत.

आता आई-बाबांची बाजू, जिच्याकडे कुणी बघत नाही. बाबांचा सिबिल स्कोअर या फाईलमध्ये कुठेच लागत नाही. पण आपल्याकडे बाबा कुणाकुणाला जामीन राहिलेले असतात, पतसंस्थेत मित्राच्या कर्जाला सही केलेली असते, मित्राने हप्ते बुडवले की नोटीस बाबांना. नोटीस आली म्हणून व्हिसा जात नाही. प्रकरण चेक बाउन्सपर्यंत गेलं तर मात्र गोष्ट वेगळी, कारण कलम १३८ हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इमिग्रंट व्हिसाला पासपोर्ट ऑफिसचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं आणि डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाईन अर्जात अटक, शिक्षा असे प्रश्न असतात. समन्स आलेत का, वॉरंट निघालंय का हे वकिलाकडून तपासून घ्या आणि तडजोड होत असेल तर मुंबईच्या इंटरव्ह्यूआधी करून कोर्टाची ऑर्डर हातात ठेवा. लपवू नका, खोटं उत्तर पकडलं गेलं तर कायमची बंदी लागू शकते आणि ती कुठल्याही थकलेल्या हप्त्यापेक्षा जड आहे.

मोठ्या कर्जात लोक लुकआऊट सर्क्युलरला, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवायच्या सूचनेला पण घाबरतात. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सरकारी बँकांचा असं सर्क्युलर मागायचा अधिकार रद्द ठरवला, पण कोर्टाने किंवा तपास यंत्रणेने काढायला लावलेलं सर्क्युलर वेगळं, ते असेल तर व्हिसा हातात असूनही एअरपोर्टवर अडवतात.

कॅनडावाल्यांसाठी एकच गोष्ट, तिकडे स्कोअर बघत नसले तरी बँकरप्सी चालू असेल, म्हणजे त्यातून डिस्चार्ज (अधिकृत सुटका) झालेला नसेल, तर स्पॉन्सर करता येत नाही, त्यामुळे अमेरिकेचा सल्ला तिकडे जसाच्या तसा लावू नका.

आणि मुंबईला इंटरव्ह्यूत ऑफिसरने आय-८६४ अपुरा आहे म्हणून २२१(जी) चा कागद हातात दिला तर आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की रडायचं नाही, तो कायमचा नकार नसतो. कागदावर काय मागितलंय ते वाचा, बहुतेक वेळा जॉइंट स्पॉन्सर किंवा नवीन टॅक्सचे कागद असतात, ते पाठवले की त्याच फाईलवर काम पुढे सुरू होतं.