बेळगाव-निपाणीच्या नव्या कॅरेक्टर आर्टिस्टनी या चुका टाळाव्यात

पोर्टफोलिओत देखणं दिसणारं पात्र गेममध्ये ओळखू येत नाही, कारण नक्षी आधी काढलेली असते आणि आकार नंतर. स्केच पूर्ण काळं भरा, 64 पिक्सेल उंचीचं करा. पटका, घोंगडी, काठी एकमेकांपासून वेगळी दिसत नसतील तर पुढे जाऊ नका. 1981 च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये मारिओला टोपी आणि मिशा मिळाल्या, त्या मोजक्या पिक्सेलांत केस आणि तोंड दाखवणं अवघड होतं म्हणून.

आपल्याकडची सर्रास चूक म्हणजे इरकल साडी म्हणून लाल पदराचं नुसतं टेक्श्चर (मॉडेलवर चढवायचं चित्र) चिकटवणं. इरकल खरी दिसते ती नेसण्यातून. काष्ट्याच्या नऊवारीत दोन्ही पाय सुटे असतात, त्यामुळे पायांची हाडं (मॉडेल हलवणाऱ्या सांगाड्याचे भाग) कापडाला थेट जोडता येतात. पाचवारी खालून नळीसारखी असते आणि धावताना मांड्या कापडातून बाहेर येतात. त्यावर उपाय: घेराभोवती 6 साखळ्या, प्रत्येकी 3 हाडं, आणि साडीआड झाकलेल्या मांडीचा मेश (मॉडेलच्या पृष्ठभागाची जाळी) काढून टाका. मोबाइलवर क्लॉथ सिम्युलेशनच्या, म्हणजे कापडाची हालचाल खेळ चालू असताना गणितानं काढण्याच्या, नादी लागू नका; स्वस्त फोन तापतो आणि गेम अडखळतो.

कसुती या भरतकामाचं तसंच. 1024 पिक्सेलच्या टेक्श्चरवर बारीक टाका जेमतेम 1-2 पिक्सेलचा उरतो आणि पात्र हललं की झिरमिरतो. मिपमॅप (लांबून दिसताना वापरायच्या टेक्श्चरच्या लहान प्रती) चालू ठेवा, पदरावर एकच गोपूर किंवा हत्ती मोठा काढा, बाकी कापड मोकळं सोडा.

आता धंद्याची बाजू. 'टीम फोर्ट्रेस 2' (2007) या गेमच्या चित्रकारांनी लायनडेकर या अमेरिकन चित्रकाराच्या कामाचा अभ्यास केला आणि नऊ पात्रं नुसत्या आकारावरून ओळखू येतील अशी घडवली. 2009 पासून त्याच डोक्यांवर टोप्या चढू लागल्या आणि तो स्वच्छ आकार हळूहळू भरकटला. स्किन (पात्राचे बदलते पोशाख) विकायच्या असतील तर डोकं, धड, कंबरेखालचा भाग आणि वहाणा पहिल्या दिवसापासून सुट्या ठेवा, सांगाडा मात्र एकच. कुठला भाग बदलायचा नाही हेही तेव्हाच लिहून ठेवा. पटक्याचा आकार हीच ओळख असेल तर पटका विक्रीत नको, रंग आणि वहाणा खुशाल विका.

दोन गोष्टी खास आपल्या मुलखासाठी. लाल-पिवळा (कन्नड झेंडा) विरुद्ध भगवा (मराठी) अशा टीम करू नका. त्याचा अर्थ इथे गेमबाहेर लागतो. आणि इंग्रजांशी लढलेले कित्तूरची राणी चन्नम्मा किंवा संगोळ्ळी रायण्णा यांना विकाऊ स्किन करू नका. वेशावरून प्रेरणा घ्या, चेहरा आणि नाव नको.

क्लायंट 'जरा ग्लॅमरस करा' म्हणाला की ब्रश उचलायच्या आधी विचारा: काय बदलायचं, आकार की रंग? आकाराला मंजुरी वेगळी घ्या, दुरुस्तीच्या 2 फेऱ्या करारात लिहा, तिसरीचा दर त्याच पानावर.