संध्याकाळी प्यायला बांचा: कसा करायचा आणि कॅफिन किती

ग्रीन टीत कॅफिन नसतंच असं समजून रात्री जेवल्यावर मगभर सेंचा (जपानातला नेहमीचा ग्रीन टी) पिणारे बरेच जण आहेत. कॅफिन असतंच, पण किती ते पानावर ठरतं. जपानात घरोघरी रोज पितात तो बांचा हाही ग्रीन टीच, पण जून, जाड पानांचा असतो, आणि कॅफिन कोवळ्या पानांत आणि कळीत जास्त, म्हणून बांचात कमी उतरतं. तिथल्या सरकारी तक्त्यात 100 मिली तयार चहामागे बांचाला 10 मिलीग्रॅम दिलंय, सेंचाला 20, काळ्या चहाला 30, कॉफीला 60, आणि ग्योकुरोला (सावलीत वाढवलेल्या पानांचा ग्रीन टी) तब्बल 160. त्यामुळे दुपारची झोप काढून उठल्यावर किंवा अगदी दिवेलागणीला काही गरम हवं असेल तर मी बांचाच घ्या म्हणेन.

दोनेकशे मिली पाण्याला 5 ग्रॅम पत्ती घ्या, पानं मोठी नि हलकी असतात त्यामुळे चिमूटभर घालून चालत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करा, पत्तीवर पाणी ओता, अर्धा मिनिट थांबा आणि लगेच गाळा, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, कारण पाणी राहिलं तर पत्ती त्यात सुटत राहते. आपल्या चहासारखा गॅसवर उकळत ठेवू नका प्लीज, कडू होतो आणि कॅफिनही जास्त उतरतं. दूध-साखर नकोच. रंग पिवळसर यायला हवा, विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर काळपट पडतो, मग पाणी बदलून बघा.

मे महिन्याच्या उकाड्यात तर गार पाण्यातच करा, लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम पत्ती घालून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि गाळायची, गार पाण्यात कॅफिन आणि कडवटपणा दोन्ही कमी उतरतात.

जेवणाबरोबर मात्र नको, चहामुळे जेवणातलं लोह अंगी कमी लागतं, तास-दीड तास जाऊ दे. गरोदर बायकांनी दिवसाला सगळं मिळून 200 मिलीग्रॅम कॅफिनच्या आत राहावं असं सांगतात, त्यात दुधाचा चहा, कॉफी सगळं धरायचं, आणि माचा पीत असाल तर तोही, त्यात तर पानाची पूडच पोटात जाते.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पाकीट क्लिप लावून ठेवणं पुरत नाही, घट्ट झाकणाचा डबाच हवा. पान चिमटीत धरून मोडा, कुरकुरीत मोडलं तर ठीक, वाकलं तर दमट झालंय, कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, खमंग लागतं.